न्हाणीतलं खाचर

आमच्या न्हाणीत ओतलेलं पाणी कुठून कुठे जातं, हे मला कोणीही विचारू शकलं असतं. सव्वीस वर्षं मी ते पाणी खराट्याने लोटलंय. कुठल्या फरशीखाली ते मुरतं, कुठे अडतं, उंबऱ्याशी वळून पडवीत कसं शिरतं, सगळं मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण घरातल्या एकाही पुरुषाने विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगायला गेले तर कोणी ऐकून घेतलं नाही. अजून आठवलं की डोकं तापतं माझं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

भरे गावात आमचं घर वरच्या अंगाला. मागे पूर्वी गोठा होता, तिथे आता भाड्याच्या आठ खोल्या आहेत. कोणी पिरंगुटच्या कंपनीत जाणारा, कोणी हिंजवडीला. सोलापूर, नांदेड, बुलढाणा, कुठकुठची पोरं राहून गेली. प्रत्येक खोलीला वेगळी न्हाणी, भिंतीला छातीपर्यंत टाइल, वर गिझर. भाडेकरूचा नळ गळायला लागला तर दिवस मावळायच्या आत प्लंबर हजर, कारण खोली रिकामी राहिली तर आमच्या ह्यांच्या जिवाला घोर लागतो. आणि घरच्या माणसांना? पडवीच्या टोकाची ती जुनी न्हाणी. खाली शहाबादी फरशा, त्यातल्या तीन घुशींनी पोखरून खचलेल्या, एक वर उचललेली. पाय टाकताना रोज जपून टाकायचा. दरवर्षी आम्ही बायका म्हणायचो की एवढी न्हाणी करून घ्या, आणि दरवर्षी उत्तर यायचं, बघू. दिवाळी झाली की बघू. भात झोडून झालं की बघू. सव्वीस वर्षं नुसतं बघणंच चाललं होतं.

मग संक्रांत झाल्यावर सासूबाई न्हाणीत पडल्या. मी त्यांना आत्या म्हणते. वय बहात्तर. खुबा मोडला, पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं, नवा सांधा बसवला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मामा, म्हणजे माझे सासरे, एकच सांगायचे, "काय करायचं, न्हाणीला उतार व्हता, पाय सटकला." ऐकणारा चुकचुकायचा, चहा प्यायचा आणि निघायचा.

त्यानंतरचे तीन महिने आत्यांना आंघोळ मी घातली. त्या बाईचं मी काय सांगू तुम्हाला! दारात परका माणूस दिसला तरी पदर आधी सावरायच्या, मग बोलायच्या. ती बाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर परकर छातीशी घट्ट धरून, भिंतीकडे तोंड करून बसायची. मी पाठीवर पाणी घालायची आणि त्यांचे खांदे आकसायचे. मी एकदा म्हटलं, "आत्या, मला कसली आलीय लाज? पोरांना घातली तशीच तुम्हाला घालते."

"तुला न्हाई गं," त्या म्हणाल्या, "मला वाटती."

त्या दिवशी केस पुसून देताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मला दुसरं काय बी नगं. माझी आंघूळ माझी मला करू दे. दाराला आतनं कडी लावून. तेवढं कायतरी बघ."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, करू दे की, पण खडबडीत टाइल बसवा, भिंतीला धरायला दांडा लावा, आणि मुख्य म्हणजे खाली पाणी साचू देऊ नका. ओल्यात दुसऱ्यांदा पडल्या तर पुन्हा उभ्या राहतील याची खात्री नाही. हे सगळं त्यांनी आमच्या ह्यांच्या समोर सांगितलं, दोनदा सांगितलं. ह्यांनी मान हलवली. मी घरी येऊन मामांना शब्दन्‌शब्द सांगितला. त्यांनीही मान हलवली. मला वाटलं, चला, सुटले.

चैत्रात काम काढलं. मागच्या खोल्यांचं काम केलेलाच कारागीर आला. उत्तरेकडचा माणूस, पण इकडे इतकी वर्षं काढलेली की त्याला आमचं बोलणं सगळं कळतं, फक्त उत्तर हिंदीत देतो. त्याने फरशा उचकटल्या, घुशींची बिळं दगड-विटांनी ठासून भरली, धुमसाने ठोकून जमीन घट्ट केली. मग दोरी ताणून बघितलं तर जमीन अशी वरखाली की एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात चार बोटांचा फरक. तो मला म्हणाला, "भाभी, टाइल का काम तो एक दिन का है. असली काम ये नीचे का है. पहले ये बराबर करेंगे, फिर जाली की तरफ ढाल देंगे." पाण्याची जाळी न्हाणीच्या डाव्या कोपऱ्यात. त्याने हाताने हवेत उतार काढून दाखवला, दाराकडून जाळीकडे. मी म्हटलं, अगदी बरोबर. आणि तेवढ्यात मामा आले.

मामा कसे आहेत ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल सून उगाच बोल लावते. मामांसारखं भाताचं खाचर तयार करणारा माणूस आमच्या पट्ट्यात नव्हता. चिखलणी झाली की फळी फिरवून चिखल सारखा करायचा, त्याला मामाच लागायचे. शेजारच्या वाड्यांतून बोलावणी यायची. खाचरात पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं पाहिजे. एका अंगाला जमीन उंच राहिली तर तिथलं रोप वाळतं, खोल राहिली तर कुजतं. मामा बांधावर उकिडवे बसून नुसत्या नजरेने सांगायचे, "त्या कडंला दोन बोटं चढ हाय." आणि चढ असायचाच. मी नवी लग्न होऊन आले तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय ते, आणि खरं सांगते, बघत राहावं असं काम होतं. आता त्या खाचरांवर दोन इमारती उभ्या आहेत. पुढे फाटक आहे आणि फाटकावरचा माणूस मामांना विचारतो, कुणाकडे जायचंय. तेव्हापासून त्यांच्या हातांना काही काम उरलेलं नाही. एवढं मला कळतं.

पण म्हणून न्हाणीत?

मामांनी दोरी बघितली, कारागिराचा हात बघितला आणि म्हणाले, "ढाळ न्हाई द्यायचा."

कारागीर हसला. त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. "चाचा, ढाल नहीं देंगे तो पानी जाएगा कहाँ?"

"जाईल की! त्याला काय पाय बांधल्यात व्हय?" मामांचा आवाज चढला. "उतारावरच घसरली ती. आता परत उतार करून तिला मारायचीय का? एकदम सपाट पायजे मला. कुटं बी चढ न्हाई, कुटं बी उतार न्हाई."

मी पडवीतून म्हटलं, "मामा, सपाट केली तर पाणी साचून राहील. डॉक्टरांनी साचू देऊ नका म्हणून सांगितलंय. बोटभर ढाळाने काही कोणी घसरत नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या ह्यांना म्हणाले, "तिला म्हणावं च्या टाक."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सव्वीस वर्षं मी त्या न्हाणीत धुणी धुतली, भांडी घासली, पोरं न्हाऊ घातली, पाणी लोटून लोटून माझी कंबर गेली, आणि मी काय टाकायचा? तर चहा. ह्यांच्याकडे बघितलं. हे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. मी बोलावून बाजूला घेतलं तर म्हणतात कसे, "आबांनी आयुष्यभर पाणीच बघितलंय. तुला त्यातलं काय कळतंय?"

"न्हाणी धुतं कोण, अहो?" मी म्हटलं. "तुम्ही कधी हातात खराटा धरलाय? तुमच्या आबांनी धरलाय?"

त्यावर परत मोबाइलमध्ये डोकं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मी चहा टाकला. कारागिरालाही दिला. आलं घालून दिला. मला माझाच इतका राग आला की कप आपटून ठेवला, कान तुटला. आत्या पडवीतल्या कॉटवर पडून सगळं ऐकत होत्या. मला वाटलं होतं त्या तरी एक शब्द बोलतील. त्या आढ्याकडे बघत राहिल्या. त्यांचाही राग आला मला.

कारागीर शहाणा माणूस. त्याने दोनदा सांगून बघितलं, मग खांदे उडवले. "घर आपका, मर्ज़ी आपकी." आणि कोबा टाकायला घेतला. आता इतकं तरी त्याला करू द्यावं की नाही? नाही! मामांनी सदरा काढून खुंटीला लावला, धोतर वर खोचलं आणि आत उतरले. माळ्यावरून जुनी फळी काढून आणली. कारागीर माल टाकतोय आणि मामा गुडघ्यावर बसून फळी ओढताहेत, एकदा उभी, एकदा आडवी. पाणसळ ठेवून बघायचं, तिच्यातला बुडबुडा केसभर हलला तरी परत फळी. शहात्तर वर्षांचा माणूस, घामाने निथळलेला, पण चेहऱ्यावर अशी खुशी की विचारू नका. "आता ठेव," म्हणायचे, "आता बघ. ह्या कोपऱ्यात बी बघ." बुडबुडा मधोमध. सगळ्या कोपऱ्यांत मधोमध. कारागीरही शेवटी म्हणाला, "मान गए चाचा." मामा बाहेर येऊन आत्यांना सांगून गेले, "आता नाचलीस तरी पडायची न्हाईस."

त्यांना आत्यांची काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही. दवाखान्यातल्या बाकावर हा माणूस सगळे दिवस बसून होता, घरी चला म्हटलं तर येत नव्हता. पण काळजी आहे म्हणून दुसऱ्याचं ऐकायचंच नाही, हा कुठला न्याय?

दोन दिवस कोबा भिजत ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी टाइल बसवायच्या होत्या. खोकी पडवीत रचलेली. एकदा त्या बसल्या की पुढची वीस वर्षं कोणी हात लावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आत्यांची आंघोळ म्हणजे मग कायम माझ्या हातची आणि भिंतीकडे तोंड करून. कारागीर सिमेंट कालवत होता. मी उठले. बादली भरून आणली आणि न्हाणीच्या मधोमध ओतली.

पाणी पसरलं आणि उभं राहिलं. दाराशी जितकं, तितकंच भिंतीशी, तितकंच जाळीशी. जाळीत थोडंसं गळालं आणि थांबलं. मी दुसरी बादली ओतली. वरचं पत्र्याचं छप्पर त्यात सरळ दिसायला लागलं.

मामा आवाज ऐकून आले. आणि काय सांगू, त्यांचा चेहरा उजळला! "बघ," ते म्हणाले, "बघ कसं उभं राहिलंय! एका रेषेत! आता पटलं का?"

मला आधी हसावं का रडावं कळेना. मग जे तोंडाला आलं ते बोलले. "मामा, इथे आंबेमोहोर लावायचाय का? रोपं आणू का? ह्या पाण्यात आत्यांनी आंघोळ करायचीय! साबणाच्या पाण्यात उभं राहायचंय त्यांनी, ओल्या पायाने, एका नव्या खुब्यावर! तुम्हाला खाचर बघून आनंद झाला, आणि त्या उद्या परत पडल्या तर? उचलायला कोण येणार, तुम्ही?"

सासऱ्यांशी असं मी कधी बोलले नव्हते. हे आतून धावत आले, "अगं, अगं, काय चाललंय!" मामांचे डोळे लाल झाले. "तोंड सांभाळून बोल! तिच्याच जिवासाठी केलंय ते. उतारानं तिला पाडलं!"

"उतारानं न्हाई पाडलं."

आम्ही सगळ्यांनी मागे पाहिलं. आत्या वॉकर धरून पडवीत उभ्या होत्या. कॉटवरून त्या एकट्या उठल्या होत्या, एकट्याच चालत आल्या होत्या. धाप लागली होती त्यांना.

"काय बोलतीस?" मामा म्हणाले.

"उतारानं न्हाई पाडलं मला," आत्या पुन्हा म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण शब्द सुटा सुटा. "मी माझ्या आंघुळीला गेलेच नव्हते. तुमचं पाणी काढाया गेलते. चुलीवरनं तपेलं उतरवलं, बादली भरली, दोनी हातांनी उचलली. तुमी वट्यावर खांद्याला टावेल टाकून बसलेलं. दोनदा हाक मारलीत. पाणी झालं का, पाणी झालं का. म्हून घाई केली म्या. हात मोकळं असतं तर भिंत धरली असती. पन्नास वरसं त्या फरशा मला ठावं हायेत. रिकाम्या हातानं कदी पडले न्हाई मी."

 कारागीर थापी घेऊन भिंतीकडे बघत राहिला.

"मग मला सांगायचं न्हाई व्हय तवाच?" मामा हळू म्हणाले.

"तुमाला ठावं व्हतं," आत्या म्हणाल्या.

मामांनी मान खाली घातली. मी इतकी भडकलेली होते की मला वाटलं आता बरं झालं, चांगलं झालं. आणि दुसऱ्याच क्षणी तो राग माझ्यावरच उलटला. कारण मलासुद्धा ठाऊक होतं! आत्या पडल्या तेव्हा सगळ्यांत आधी धावले ती मी. फरशीवरून वाफा निघत होत्या, बादली उलटी पडलेली, त्यांच्या पावलाला फोड आलेला. त्या स्वतःच्या आंघोळीला कढत पाण्याची एवढी मोठी बादली कधीच घेत नव्हत्या. ती बादली मामांची होती. मी ती उचलून बाजूला ठेवली आणि पुन्हा त्याबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही. मामा उतार उतार करत राहिले आणि मी ऐकत राहिले.

एवढंच नाही. सांगायला लाज वाटते, तरी सांगते. आत्या दवाखान्यातून घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मामांचं पाणी मी काढत होते. कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सकाळी तपेलं चुलीवर, बादली भरायची, उचलायची, न्हाणीत नेऊन ठेवायची, तांब्या काठावर, साबण बाजूला. गिझरचं पाणी अंगाला लागत नाही असं मामांचं म्हणणं, म्हणून मागच्या आठ न्हाण्यांत गिझर आणि आमच्याकडे चूल. न्हाणी खोदून ठेवली होती तर मी बादली अंगणातल्या दगडापाशी नेऊन ठेवत होते. त्याच दिवशी सकाळीसुद्धा ठेवली होती. दोन्ही हातांनी उचलून. जिच्यापायी आत्यांचा खुबा मोडला ती बादली मी रोज उचलत होते आणि भांडत होते कशावरून, तर ढाळावरून! एवढी कशी मी खुळी?

आत्या वॉकरवर वाकून उभ्या होत्या. कारागिराला म्हणाल्या, "काय रं बाबा, आता ह्याच्यावर ढाळ देता येतो का?"

"आता है, अम्मा. ऊपर से टाँचे मारके दूसरा माल डालना पड़ेगा."

"मग दे. आन्‌ कुटनं कुटं द्यायचा ते हिला इचार. हिला सगळं ठावं हाय."

मामा पायात चपला घालून बाहेर पडले. फाटकाच्या दिशेने गेले, पुढे कुठे गेले माहीत नाही. हे दारात घुटमळत होते. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, पाणी खराट्याने लोटून काढलं आणि कारागिराला दाखवायला लागले. दाराशी उंच ठेव, नाहीतर पाणी पडवीत येतं. स्टूल इथे येणार, तर त्याच्याखाली अगदी हलका उतार, म्हणजे स्टूल डुगडुगणार नाही. इथून पुढे जाळीकडे जरा जास्त. उजव्या कोपऱ्यात पाणी नेहमी मागे वळतं, तिथून दोरी तिरकी धर. तो माझ्यामागे कोळशाने खुणा करत गेला. मध्येच म्हणाला, "भाभी, ये पहले ही बोल देते." मी म्हटलं, "बोलले होते बाबा. चहा टाकायला लावला, त्याच्या आधी बोलले होते." तो खाली मान घालून हसला.

त्याने कोब्याला छिन्नीने टाचे मारले, वर नवा थर दिला. मी बादली ओतून बघितली. पाणी दारापासून निघालं, कुठेही न थांबता डाव्या कोपऱ्यात गेलं आणि गेलंच. टाइल बसल्या, खडबडीत, राखाडी. भिंतीला दोन दांडे. आणि आमच्या ह्यांनी, कोणी न सांगता, पिरंगुटहून गिझर आणून बसवून घेतला. का आणला ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. दाराला आतून कडी बसवली, आत्यांचा हात सहज पोहोचेल एवढ्या उंचीवर. मामा त्या दिवसांत घरात फारसं बोलत नव्हते. जेवायचे, उठून जायचे. चुकलं असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणतील असं मला वाटलंही नव्हतं.

आत्यांची एकटीची पहिली आंघोळ गुरुवारी ठरली. मी स्टूल मांडलं, टॉवेल दांड्यावर टाकला, नळ कुठला गरम, कुठला थंड ते पुन्हा एकदा दाखवलं. आत्या वॉकर घेऊन आत गेल्या. वळल्या आणि म्हणाल्या, "जा तू. दारात उभी ऱ्हाऊ नगं."

दार लागलं. कडीचा आवाज आला.

मी पडवीतल्या कॉटवर जाऊन बसले खरी, पण जीव सगळा त्या दाराशी. नळ सुटला. तांब्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा, मग परत तांब्याचा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकदा काहीतरी खाली पडलं, मी ताडकन उठले, तर आतून, "साबन हाय गं, साबन!" पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. त्या केस धूत होत्या. तीन महिन्यांत मला त्यांनी केसांना नीट हात लावू दिला नव्हता, पटकन आवर, पटकन आवर करायच्या. आणि आता कोणाची घाई नव्हती. आतून त्या गुणगुणत होत्या. सव्वीस वर्षांत मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि रागही यायला लागला, की एवढ्याशा गोष्टीसाठी ह्या बाईला खुबा मोडून घ्यावा लागला.

मामा अंगणातून आले. खांद्यावर टॉवेल होता. दार बंद बघून ओट्यावर बसले. दोनदा घसा खाकरला, पण हाक मारली नाही. बसून राहिले.

चाळीसएक मिनिटांनी कडी निघाली. आत्या बाहेर आल्या, लुगडं नीट नेसलेलं, ओले केस पाठीवर मोकळे. चेहरा लाल झालेला. वॉकर टेकत टेकत आल्या आणि माझ्याशेजारी कॉटवर बसल्या. मोठा श्वास सोडला.

मामा उठले आणि आत गेले.  मग ते परत दारात आले, उघडे, कमरेला पंचा. कोणाकडे न बघता म्हणाले, "बादली रिकामी हाय."

डोक्यावर गिझर होता. हाताशी नळ होता. बादली नळाखालीच होती. आणि तरीही, देवाशप्पथ सांगते, मी उठायला लागले. मनात काही यायच्या आधीच माझे पाय जमिनीला टेकले होते, अंग पुढे झुकलं होतं.

आत्यांनी त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. आंघोळीने उबदार, सुरकुतलेला हात. जोर लावून दाबला.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले.